पाहणारे पन्नास, भरणारा एक

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सध्या दोन गोष्टी झपाट्यानं वाढताहेत. कोचिंग क्लासचे फलक आणि ऑफिसच्या भिंतीवरचे टीव्ही. पहिल्याला कारण पालक. दुसऱ्याला कारण डॅशबोर्ड.

हा टीव्ही बातम्यांसाठी नसतो. मॅचसाठीही नसतो, निदान मालक समोर बसलेले असेपर्यंत. सूतगिरणी चौकापासून गजानन महाराज मंदिरापर्यंत गाळ्यागाळ्यांतून छोटी ऑफिसं आहेत. कुणी वाळूजला पार्ट पुरवतो, कुणाची चिकलठाण्यात शेड आहे, कुणी शेंद्र्याला लेबर देतो, कुणी मराठवाडाभर बी-बियाणं विकतो. प्रत्येकाच्या खुर्चीसमोर आता पंचावन्न इंची पडदा लागलाय. खरेदीचा क्रमही ठरलेला. आधी टीव्ही. मग त्यावर काय दिसावं हे सांगणारा सल्लागार. मग सल्लागार सांगेल ते सॉफ्टवेअर. आणि सगळी बिलं चुकती झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं, की पडद्यावर जो आकडा नाचणार तो कुणीतरी रोज हातानं भरायचा आहे.

तो कुणीतरी मीटिंगला नसतो. तिसरी पाळी करून घरी झोपलेला असतो.

पाहणारे मात्र झाडून सगळे हजर. मालक, मालकांचे बंधू, सीए, क्वालिटीचे साहेब आणि पुण्यात आयटीत असलेला भाचा. हा भाचा दिवाळीला आला की कंपनीचं डिजिटायझेशन होतं. काय पाहायचं ते प्रत्येकाला पक्कं ठाऊक. मालकांना विक्री पाहायचीय, तीही तासातासाची. सीएंना उधारी. क्वालिटीला रिजेक्शन. भाच्याला रंग. चहा येतो, समोसे येतात आणि मुख्य प्रश्न निघतो: माहिती गोळा करायला टूल कुठलं घ्यायचं?

म्हणजे लिहिणार तिसराच, आणि पेन कुठलं याचा ठराव वाचणाऱ्यांनी करायचा.

*

पहिला मान एक्सेलचा. एक्सेल १९८५ साली जन्मलं, त्याच वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. गारखेड्यातली कितीतरी बिऱ्हाडं या दोघांच्या जिवावर उभी राहिली. पुढं २००१ मध्ये एमकेसीएल आली, एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि ‘एक्सेल येतं’ हे वाक्य लग्नाच्या बायोडेटात ‘गृहकृत्यदक्ष’च्या शेजारी जाऊन बसलं.

एक्सेलमध्ये वाईट काहीच नाही. वाईट आहे ती ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधली फाइल. स्टोअरवाल्यानं ती उघडली की डिस्पॅचवाल्याला नुसती वाचता येते. मग तो आपली कॉपी काढतो. संध्याकाळपर्यंत ‘प्रॉडक्शन फायनल’, ‘प्रॉडक्शन फायनल २’ आणि ‘प्रॉडक्शन फायनल साहेबांनी पाहिलेली’ अशा तिघी एकाच फोल्डरमध्ये नांदायला लागतात. डॅशबोर्ड जोडलेला असतो पहिलीला.

हे आपल्याकडंच होतं असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ कोरोनाबाधित गळाले. माणसं होती, तपासण्या झालेल्या होत्या, अहवालही आलेले होते. पण माहिती जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलमध्ये ओतली जात होती आणि त्या फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढं जागाच नसते. उरलेल्या ओळी तिनं मुकाट सोडून दिल्या. डॅशबोर्ड मात्र दिमाखात सुरू होता.

शास्त्रज्ञांचीही हीच गत. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी होती. एक्सेल त्यांना पाहिलं की खुशाल १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकायचं. किती वर्षं हा छळ सोसला आणि अखेर २०२० मध्ये जगानं ठरवलं, की जनुकांचीच नावं बदलू. एक्सेल बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं.

*

नावांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शहराइतका अनुभव कुणाच्या गाठीला नसेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं नामांतराला मंजुरी दिली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं आणि विभागाचं नाव बदललं, रेल्वे स्थानकाचा नंबर लागायला २०२५ उजाडलं. एवढ्या अवधीत विक्रीच्या शीटमधल्या ‘शहर’ या रकान्यात काय काय जमा झालं असेल? औरंगाबाद. छत्रपती संभाजीनगर. संभाजीनगर. छ. संभाजीनगर. छ.संभाजीनगर, म्हणजे टिंबानंतर जागा न सोडता. सीएसएन. ए’बाद. आणि एका जुन्या जाणत्या सेल्समनचं नुसतं ‘आपलं गाव’.

डॅशबोर्डच्या हिशेबी कंपनी आठ शहरांत पसरली. मालक खूश. ‘आपलं गाव’मध्ये विक्री कमी का, यावर स्वतंत्र मीटिंग झाली.

वाळूजचं तसंच. वाळूज, वाळुज, वाळुंज, शिवाय इंग्रजीतून येणारी तीन वेगळी रूपं. यंत्राला बोलीभाषा समजत नाही. त्याला एका उकाराचा फरकही दुसरा तालुका वाटतो. म्हणून टूलवाला समोर आला की पहिला प्रश्न रंगांचा नसावा. पहिला प्रश्न हा: ‘भरणाऱ्याला लिहावं लागतं, की यादीतून निवडता येतं?’ शहर, मशीन, पार्ट नंबर, पाळी, कारण, जे जे यादीत बसतं ते यादीतच असलं पाहिजे. आणि यादी बदलायचा हक्क एकाच माणसाकडं. हा नियम फुकट आहे, म्हणून कुठलाच सल्लागार तो पहिल्या दिवशी सांगत नाही.

*

दुसरा उमेदवार गूगल शीट. फाइल एकच, भरणारे अनेक, सगळे एकाच वेळी. लोकशाहीच. आणि लोकशाहीत होतं तेच इथं होतं. कुणीतरी फक्त नावांचा कॉलम निवडून तो अकारविल्हे लावतो आणि बाकीचे कॉलम जागच्या जागी राहतात. क्षणात अण्णांचं प्रॉडक्शन बाबुरावांच्या नावावर आणि बाबुरावांची गैरहजेरी अण्णांच्या माथी. कुणी काय बदललं याचा इतिहास शीट जपून ठेवते, ही तिची मोठी सोय. पण तो उघडून पाहायचा असतो हे ज्याला माहीत आहे तो नेमका रजेवर.

तिसरा गूगल फॉर्म. यात भरणाऱ्याला दुसऱ्याचं दिसतच नाही, म्हणून बिघडवताही येत नाही. फुकट आहे, मराठीत करता येतो, याद्या घालता येतात. छोट्या कंपनीनं सुरुवात करावी तर इथून. पण फॉर्म बनवतो भाचा आणि विचारायला लागला की तो थांबत नाही. प्रश्न चौतीस. प्रत्येकापुढं लाल चांदणी, म्हणजे सक्तीचा.

सक्तीच्या रकान्यात माणूस काय भरतो ते ठाऊक आहे? टिंब. नुसतं एक टिंब. ‘मशीन बंद राहण्याचं सविस्तर कारण’: टिंब. ‘सुधारणेसाठी आपली सूचना’: टिंब. फॉर्म हिरवा होतो, सगळ्यांचं समाधान होतं. महिनाअखेरीस भाचा पुण्याहून फोन करून सांगतो, शंभर टक्के प्रतिसाद.

*

चौथी जात पैसेवाल्या टूलची. झोहो क्रिएटर, मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स, गूगलनं २०२० मध्ये विकत घेतलेलं ॲपशीट. आपल्या कामापुरतं ॲप आपणच जुळवायचं, प्रोग्रॅमरची गरज नाही. ही टूलं खरोखरच चांगली आहेत. कुणी, कधी, काय भरलं याची नोंद ती ठेवतात, चुकीचा आकडा दारातच अडवतात, फोटो घेतात, जागा टिपतात.

फक्त त्यांच्या भाड्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी दरडोई असतो, आणि दरमहा. डोकी चाळीस. मालक तीन लायसन्स घेतात. मग मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं चिठ्ठी चिकटते: ‘ऑपरेटर१, पासवर्ड १२३४’. त्या दिवसापासून कंपनीत ऑपरेटर१ नावाचा एक महापुरुष राबू लागतो. तिन्ही पाळ्यांना हजर, सहा मशीनवर एकदम, सुट्टी नाही, जेवण नाही. चूक झाली की सापडतो तोच, आणि त्याला मेमो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते एचआरला कळत नाही. एवढ्या महागड्या टूलनं जपलेली ‘कुणी भरलं’ ही नोंद तीन लायसन्सांच्या काटकसरीत वाहून गेलेली असते.

म्हणून सल्लागाराला दुसरा प्रश्न: ‘भरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं नाव मिळेल, असा खर्च सांगा.’ आणि लगेच तिसरा: ‘उद्या आम्ही तुम्हाला सोडलं, तर आमची माहिती आम्हाला साध्या फाइलमध्ये परत मिळेल का?’ तिसऱ्या प्रश्नाला सल्लागार पाणी मागतो.

*

आता खरा विजेता. कुणी निवडला नाही, कुणी विकला नाही, तरी वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत प्रत्येक शेडमध्ये बसलेला. व्हॉट्सॲप.

‘बी शिफ्ट, लाइन २, ओके ४१२, रिजेक्ट ९, टूल तुटला.’ याच्या वर गुलाबाच्या फुलासह सुप्रभात, खाली क्वालिटीच्या साहेबांचा अंगठा, त्याखाली कुणाच्या तरी मेव्हण्याच्या नव्या हॉटेलचं उद्घाटन. या रांगेतून रोज सकाळी एमआयएसवाला पोरगा आकडे वेचतो आणि एक्सेलमध्ये नेऊन ठेवतो. व्हॉट्सॲपला बेरीज येत नाही. पुसलेला मेसेज पुसलेलाच राहतो. महिन्यापूर्वीचं रिजेक्शन शोधायचं, तर मध्ये तीन वाढदिवस आणि एक श्रद्धांजली ओलांडावी लागते.

तरीही तेच का चालतं, हे एकदा तरी विचारा. ते भरणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आहे. पासवर्ड नाही. मराठी चालतं, बोलून पाठवलेलंही चालतं. रेंज गेली तर मेसेज थांबतो आणि आली की आपोआप जातो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, उत्तर येतं. ‘टूल तुटला’ म्हटलं की दहा मिनिटांत टूलरूमचा माणूस येतो. चौतीस प्रश्नांच्या फॉर्ममध्ये ‘टूल तुटला’ लिहिलं, तर महिनाअखेरीस त्याचा वर्तुळाकार आलेख येतो. ऑपरेटरनं काय निवडावं? तुम्हीच सांगा.

*

शेडमध्ये आणखी एक गंमत. सुरक्षेसाठी फोन गेटवर जमा करायचा, असा नियम बऱ्याच कारखान्यांत आहे. योग्यच आहे. पण त्याच कारखान्यात ‘प्रत्येक तासाला मोबाइल ॲपवर नोंद करावी’ असं परिपत्रक निघतं. दोन्ही परिपत्रकं एकाच फलकावर, एकाच सहीनं. मध्ये उभा ऑपरेटर, हातात तेलकट मोजे.

बरं, त्याला नोंद करायची नसते असंही नाही. मशीनशेजारी तासावारी बोर्ड असतो. दर तासाला किती झाले, किती व्हायला हवे होते, का राहिले, हे तो मार्करनं लिहितोच. तोच आकडा सुपरवायझर रजिस्टरमध्ये उतरवतो. रजिस्टरवरून ग्रुपवर. ग्रुपवरून एक्सेलमध्ये. एक्सेलमधून डॅशबोर्डवर. एक आकडा पाच वेळा लिहिला जातो. बोर्डवरचा ४१२ रजिस्टरमध्ये ४२१ होतो, ग्रुपवर ‘४२० अंदाजे’ आणि डॅशबोर्डवर हिरवा.

मग मालक म्हणतात, टूल बदला. अहो, टूल पाच आहेत! चार काढा. आकडा जिथं जन्मतो तिथं एकदाच भरायचा आणि पुढं त्याला कुणी हात लावायचा नाही. जिथं फोन नेता येत नाही तिथं भिंतीला एक साधी टॅब्लेट, मोज्यातल्या बोटालाही लागेल एवढी मोठी बटणं, एका नोंदीला फार तर चार दाब. हे जमत नसेल तर बोर्डच चांगला. बोर्ड हँग होत नाही आणि त्याला दरडोई भाडं नाही.

*

‘हे सगळं छोट्या लोकांचं, आम्ही सरकारसारखं भव्य करणार,’ असं म्हणणारेही भेटतात. तर सरकारचंच पाहू.

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविका प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि सरकारनं दिलेले मोबाइल परत करून आल्या. मोर्चे या राज्यानं खूप पाहिलेत, पण माहिती भरणाऱ्यांनी माहिती भरायचं यंत्रच टेबलावर आणून ठेवावं, हा प्रकार नवा होता. फोन जुने आणि अशक्त होते, मेमरी दोन जीबी, नवं ॲप त्यात मावेना, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या अंगावर. त्यात त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं पोषण ट्रॅकर इंग्रजीत. लेकरांची वजनं-उंच्या मराठीत घ्यायच्या, आयांशी मराठीत बोलायचं आणि नोंद इंग्रजीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

दिल्लीत डॅशबोर्ड नक्कीच देखणा असणार. पाहणाऱ्याची सोय पाहूनच सगळं केलेलं होतं. भरणारीच्या हातातला फोन कसला आहे आणि तिची भाषा कुठली, एवढंच विचारायचं राहून गेलं.

त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट २०२१ ला, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तोवर गाव नमुना बारामध्ये पीक लिहायचं काम तलाठ्याचं. आता शेतकऱ्यानं स्वतः फोन घेऊन वावरात जायचं, पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. सर्व्हर बसला, रेंज गेली, मुदती वाढल्या, शिव्याशापांचीही पेरणी झाली. पण शेतकऱ्यानं फोन टेबलावर आणून ठेवला नाही. कारण सरळ आहे. सातबाऱ्यावर पीक दिसलं नाही तर विमा, नुकसानभरपाई, सरकारी खरेदी, सगळीकडं अडतं. नोंद त्याच्या स्वतःच्या कामाची होती.

टूल निवडण्याचं सगळं शास्त्र या दोन घटनांमध्ये आलं. भरणाऱ्याला भरून काय मिळतं? ‘काहीच नाही’ असं उत्तर असेल तर जगातलं सर्वोत्तम टूल घ्या, आत टिंबंच पडतील. काही मिळत असेल तर तो बांधावर उभा राहून, फोन आकाशाकडं धरून, रेंज शोधून भरतो.

आणि रेंज नसताना नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठवणारी टूलं काही मंगळावरून आणायची नाहीत. ओडीके हे त्यातलं नावाजलेलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्याचं काम सुरू झालं, दुर्गम भागातल्या पाहण्यांसाठी जगभर वापरलं जातं. त्याच वळणावरचं कोबो टूलबॉक्स आहे. पैठण, कन्नड, सोयगावकडं फिरणाऱ्या सेल्समनला यांतलं एखादं दिलं, तर ‘नेट नव्हतं साहेब’ हे वाक्य कंपनीच्या शब्दकोशातून जाईल. बहुधा म्हणूनच सेल्स विभाग या टूलांना विरोध करतो.

*

धरण आपल्या शहराच्या तोंडी असतं. जायकवाडीचा नाथसागर आज किती टक्के, हे गारखेड्यातला शाळकरी पोरगाही सांगतो. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, पण त्यातला जवळपास चौथा हिस्सा मृतसाठा. तो असतो, मोजला जातो, सहजी बाहेर येत नाही. कंपन्यांच्या फॉर्मलाही असाच तळ असतो. ‘ऑपरेटरचं गाव’, ‘हवामान’, ‘मशीनचा रंग’. कुणीतरी कधीतरी ‘लागेल, असू द्या’ म्हणून घातलेले रकाने. भरले जातात, कधीच पाहिले जात नाहीत. सल्लागाराला फुशारकी मारायला एकूण साठा बरा. पोट भरतं ते जिवंत साठ्यावर. गेल्या तीन महिन्यांत ज्या रकान्यावरून एकही निर्णय झाला नाही, तो काढा. फॉर्म चौतीसवरून सहावर येईल आणि टिंबं आपोआप कमी होतील.

धरणानं दुसराही धडा दिलाय. नाथसागर तुडुंब भरल्याच्या बातमीचा पेपर ज्या घरात वाचला जातो, त्याच घरात ‘आपला नळ कोणत्या दिवशी’ हे कॅलेंडरवर खुणा करून पाहावं लागतं. आकडा खोटा नाही. घरच्या बाईला हवा असलेला आकडा तो नाही, एवढंच. कंपनीच्या भिंतीवरही बहुतेक वेळा धरणच दिसतं, नळ दिसत नाही. ‘महिन्याची एकूण विक्री’ मोठ्या अक्षरांत झळकते, आणि उद्या सकाळी गाडीत चढवायला माल तयार आहे का, ते विचारायला डिस्पॅचला फोनच करावा लागतो.

*

आकडा एकदा भिंतीवर लागला की तो शहाणा व्हायला लागतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्येच बजावलं होतं, की मोजमापाचं लक्ष्य केलं की त्या मोजमापावरचा विश्वास उडतो. मराठवाड्याला हे शिकवायला लंडनहून कुणी यायची गरज नव्हती. आम्ही पैसेवारीत, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजात वाढलोय. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत की वर, यावर तालुक्याच्या सवलती ठरायच्या. ज्या आकड्यावर कुणाचं तरी पोट अवलंबून आहे, तो आकडा निरागस राहत नाही.

रिजेक्शन दोन टक्क्यांच्या वर गेलं की पडदा लाल होतो, मालक खाली येतात. दुसऱ्या आठवड्यापासून रिजेक्शन एक पूर्णांक नऊ. रोज. तिन्ही पाळ्यांना. पाऊस असो, पॉवर ट्रिप होवो, नवा पोरगा मशीनवर असो, एक पूर्णांक नऊ. भाचा म्हणतो, प्रोसेस स्थिर झाली. स्क्रॅपच्या पिंपांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं.

आणि मशीन बंद पडण्याचं कारण? यादीत नऊ कारणं आहेत. टूल तुटला, मटेरियल नाही, सेटिंग, पॉवर, माणूस नाही, वगैरे. दहावं ‘इतर’. महिनाअखेरीस आलेखात सगळ्यात मोठा तुकडा ‘इतर’चा. मालक टेबलावर हात आपटतात: ‘हे इतर कमी करा!’ अहो, ‘मटेरियल नाही’ निवडलं की पर्चेसवाला भांडतो, ‘सेटिंग’ निवडलं की सेटर, ‘माणूस नाही’ निवडलं की एचआर. ‘इतर’ला भाऊबंद नाहीत, तो भांडायला येत नाही. शेडमधला शांतता करार तो आहे. कुठल्याही टूलच्या कुठल्याही आवृत्तीत हा करार मोडायचं बटण सापडलेलं नाही. आकडा आणणाऱ्याला पहिल्यांदा शिव्या मिळणार नाहीत, एवढी हमी मालकांनी दिली की ‘इतर’ आपोआप आटतो. ही हमी लायसन्समध्ये मिळत नाही.

*

तर टूल निवडायचं कसं? सल्लागाराची फी वाचवणारी एक पद्धत आहे.

जी दोन-तीन टूलं पसंत पडलीत, त्यांचा डेमो मीटिंग रूममध्ये घेऊ नका. शेडमध्ये घ्या. पाळी सुटायच्या वेळी, म्हणजे सगळे घाईत असताना. भरायला लाइनवरच्या सगळ्यात जुन्या मामांना बसवा. सल्लागारानं तोंड बंद ठेवायचं. मामांनी काही न विचारता आजची नोंद केली, तर टूल पास. मामा म्हणाले ‘कामून भरायचं हे?’ आणि कुणालाच उत्तर देता आलं नाही, तर टूल नापास नाही, रकाना नापास.

मग महिनाभर टीव्ही बंद ठेवा. आधी बोर्डवरचा आकडा आणि टूलमधला आकडा जुळतो का ते पाहा. जुळला की डॅशबोर्ड बनवायला पॉवर बीआय घ्या, गूगलचं लुकर स्टुडिओ घ्या, काहीही घ्या. तिथं चुकायला फारसा वाव नाही. रंग भाच्याला निवडू द्या, त्याचीही दिवाळी गोड होऊ दे.

आणि शेवटची अट. डॅशबोर्डवर पाहणाऱ्यानं स्वतः भरायचा एक तरी रकाना हवा. सुचवतो. छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरातही त्याला दात बसवले. तेव्हापासून मुदत टळली की त्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तर ‘कुणाचं बिल किती दिवस थकलंय’ हा रकाना पडद्याच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत. रोज सकाळी मालकांनी स्वतः भरायचा. लाल चांदणी, सक्तीचा.

पहिल्या दिवशी मालक पासवर्ड विसरतील. दुसऱ्या दिवशी नेट नसेल. तिसऱ्या दिवशी टिंब येईल. आणि चौथ्या दिवशी मीटिंग बोलावून विचारतील, ‘हे टूल निवडलं कुणी?’